परदेशी लांबलेला मुक्काम

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आमच्या कृष्णाकाठच्या घरांत एक मोठा पालट झाला आहे. मुलगा अमेरिकेत, मुलगी ऑस्ट्रेलियात आणि आईवडील पलूस, कुंडल, भिलवडी किंवा किर्लोस्करवाडी येथे, अशी कुटुंबे आता नवलाची राहिली नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ज्या माळावर आपला कारखाना आणला, त्याच कारखान्यात उभी हयात घालविलेला कामगार, शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, द्राक्षांचा बागाइतदार, ह्या सर्वांवर साठी उलटल्यावर पासपोर्ट काढण्याचा प्रसंग येतो. शेजारच्या खानापूर-आटपाडी भागांतील लोक सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यानिमित्त साऱ्या हिंदुस्थानभर पसरले आहेत. त्यांचे वृद्ध आईवडील केरळात किंवा तमिळनाडूत मुलाकडे जातात, वर्ष-दोन वर्षे राहतात, आणि त्यांना कोणी हटकीत नाही. देशाची सीमा ओलांडली की मात्र दिवसांचा हिशेब सुरू होतो. ह्या हिशेबासंबंधाने आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

आमच्याकडील बहुतेक वृद्धांची इच्छा अशी असते की, कायमचे तिकडे जाऊ नये, पण गेल्यावर घाईने परतूही नये. सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे. किंवा नात चालू लागेपर्यंत वर्षभर तिकडे आणि मग घरी. ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. परंतु बहुतेक देशांचे कायदे माणसाच्या दोनच जाती ओळखतात : पाहुणा आणि रहिवासी. पाहुण्याने मुदतीत परत जावे आणि रहिवाशाने तेथेच राहावे, अशी त्यांची अपेक्षा असते. पाहुणा म्हणून गेलेला मनुष्य रहिवाशासारखा राहू लागला, किंवा रहिवासी म्हणून दाखला घेतलेला मनुष्य पाहुण्यासारखा येजा करू लागला, की अडचणी उभ्या राहतात. म्हणून आपण कोण म्हणून जाणार, हा निर्णय विमानात बसण्यापूर्वी, येथे घरी बसूनच करावयास हवा.

'निवृत्तांचा व्हिसा' असे नाव ऐकून पुष्कळांना वाटते की, आपल्यासारख्यांसाठीच ही सोय केली आहे. तसे व्हिसे आहेत, पण ते आपल्यासाठी नाहीत. थायलंड पन्नाशी उलटलेल्या परकीयास वर्षावर्षाने राहू देते. मात्र त्याची ८,००,००० बाट बँकेत असली पाहिजेत, किंवा दरमहा ६५,००० बाट उत्पन्न असले पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीत पंचावन्न वर्षांवरील निवृत्तास पाच वर्षांचा परवाना मिळतो, तोही मालमत्ता, ठेव किंवा उत्पन्न दाखवून. ब्रिटनमध्ये स्वतःच्या पैशावर राहणाऱ्या निवृत्तांसाठी एक मार्ग होता, तो २००८ साली बंद झाला. इकडे आमच्या कारखान्यांतील कामगारांना जे भविष्यनिर्वाह योजनेचे निवृत्तिवेतन मिळते, त्याची किमान रक्कम २०१४ साली ठरली ती दरमहा १,००० रुपये. ह्या रकमेवर थायलंडचा समुद्रकिनारा दिसावयाचा नाही. सबब आपल्याकडील वृद्धांचा खरा आधार एकच, मुलगा किंवा मुलगी. आणि त्यांचा त्या देशातील दर्जा काय आहे, ह्यावरच आपले बहुतेक मार्ग उघडतात किंवा बंद होतात.

सर्वांत अधिक लोक जातात ते अमेरिकेस, तेव्हा तिच्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो. आईवडिलांस सामान्यतः मिळतो तो बी-२ नावाचा भेटीचा व्हिसा. रात्रीची गाडी धरून मुंबईस जावे, तेथील अमेरिकन वकिलातीत मुलाखत द्यावी, आणि पासपोर्टावर दहा वर्षांचा व्हिसा चिकटून यावा, असे पुष्कळदा घडते. येथेच पहिला घोटाळा होतो. दहा वर्षे हा आकडा वाचून मनुष्य समजतो की, आता दहा वर्षे आपणांस मुभा आहे. वस्तुतः व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. माजघरात किती दिवस राहावयाचे, हे विमानतळावरील अधिकारी ठरवितो. तो बहुधा सहा महिने देतो. ही तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. विमानाने येणाऱ्यांच्या बाबतीत २०१३ सालापासून ही नोंद कागदावर न राहता संगणकावर ठेवतात, आणि ती तेथील सरकारच्या संकेतस्थळावरून मुलाने काढून घ्यावयाची असते. उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी तिची प्रत काढून आपल्या पासपोर्टात ठेवावी. नवरा-बायको एकाच विमानाने गेली तरी दोघांच्या नोंदी वेगळ्या असतात. दोन्ही तारखा पाहाव्यात.

सहा महिने ही मुदत आमच्या बागाइतदारांना एका अर्थी सोयीची आहे. एप्रिलची खरड छाटणी उरकून निघालेला माणूस ऑक्टोबरच्या फळछाटणीस परत येऊ शकतो. मधल्या काळात विरळणी, औषधफवारणी ही कामे असतातच, पण ती भावाच्या किंवा विश्वासू गड्याच्या हवाली करता येतात. फळछाटणी मात्र धन्याच्या देखत व्हावी असे प्रत्येकाला वाटते. त्यामुळे बागाइतदार वेळेवर परततो. मुक्काम लांबतो तो कारखान्यातून किंवा शाळेतून निवृत्त झालेल्यांचा, आणि त्यांतही आजीचा.

त्याचे कारण उघड आहे. पूर्वी पहिल्या बाळंतपणास लेक माहेरी येई. आता माहेरच डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपा घेऊन लेकीकडे जाते. बाळंतपण पुढे-मागे झाले, लेकीची प्रकृती नाजूक राहिली, किंवा तिची रजा संपून ती कामावर रुजू झाली, की आजीचा पाय निघत नाही. येथे एका शब्दाविषयी सावध राहिले पाहिजे. आपली माणसे सहज म्हणतात, 'नातवाला सांभाळायला चालले.' ह्या वाक्यात माया आहे, नोकरी नाही. परंतु भाषांतर होऊन तेच वाक्य अधिकाऱ्याच्या कानी पडते तेव्हा त्यास वाटते की, ही बाई दाईच्या कामावर येत आहे, आणि भेटीच्या व्हिसावर काम करण्यास तर मनाई आहे. नातवास पाहावे, लेकीजवळ चार महिने राहावे, तिच्या घरी गोडधोड करावे, ह्यास कोणाची हरकत नाही. आणि जे खरे आहे तेच सांगावे. पण खरे सांगतानाही शब्द असा वापरावा की त्याचा अर्थ दुसरा होऊ नये. मुलाखतीस जाण्यापूर्वी मुलाने आईशी ह्याविषयी शांतपणे बोलून ठेवावे. बँकेच्या कागदांइतकेच हे महत्त्वाचे आहे.

आता मुदत वाढविण्याविषयी. त्यासाठी आय-५३९ नावाचा अर्ज असतो. तो अमेरिकेत असतानाच करावयाचा, आणि आय-९४ वरील तारीख उलटण्यापूर्वी तो पोहोचला पाहिजे. निदान ४५ दिवस आधी तो करावा, असे तेथील खाते स्वतःच सांगते. नवरा-बायकोस एकाच अर्जास पुरवणी जोडून मागणी करता येते. लांबण्याचे कारण काय, तेवढे दिवस खर्च कोण करणार, आणि परत जाण्याचा इरादा कशावरून दिसतो, ह्या तीन गोष्टी पटवाव्या लागतात. डॉक्टरांचा दाखला, मुलाचे उत्पन्नाचे कागद, परतीच्या तिकिटाची नवी तारीख, गावाकडील घर, जमीन, निवृत्तिवेतन ह्यांचे दाखले, अशी सामग्री जोडावी. 'अजून राहावेसे वाटते' हे कारण मनास पटणारे असले तरी अर्जात दुबळे ठरते. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने वाढतात, आणि सर्व मिळून एकच भेट वर्षापलीकडे जाणे विरळा.

समजा, एक जोडपे १० एप्रिल रोजी उतरले आणि त्यांस ९ ऑक्टोबर ही तारीख मिळाली. मुलीचे बाळंतपण सप्टेंबरच्या अखेरीस आहे. त्यांनी ऑगस्टमध्येच अर्ज टाकला, आणि पुढील मार्चपर्यंतची मुदत मागितली. निकाल येण्यास काही महिने लागतात, आणि मधल्या काळात ९ ऑक्टोबर निघून जाते. तरीही अर्ज वेळेवर व प्रामाणिक असल्यास, निकाल लागेपर्यंतचा काळ बेकायदा वास्तव्यात धरीत नाहीत. मात्र नकार आला तर त्या दिवसापासून बेकायदा दिवस मोजले जाऊ लागतात. मग लेकीचा मुलगा कितीही लहान असो, ताबडतोब निघावे लागते. आणि मागितलेली मार्चची तारीख येऊन ठेपली तरी निकाल नसेल, तर अर्ज पडून आहे एवढ्या भरवशावर बसू नये. मला विचाराल तर अशा जोडप्याने शक्य तो मागितलेल्या मुदतीच्या आतच परतावे. त्यात पुढच्या भेटीचे हित आहे.

हे हित किती मोठे आहे, ते मुदत चुकविणाऱ्यांचे काय होते ते पाहिल्यावर कळते. अर्ज न करता एक दिवस जरी अधिक राहिले, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो आणि मायदेशी येऊन नवा मागावा लागतो. १९९६ सालच्या कायद्याने ह्याहून कडक शिक्षा ठेविल्या आहेत. १८० दिवसांहून अधिक बेकायदा राहून निघालेल्यास तीन वर्षे, आणि वर्ष किंवा त्याहून अधिक राहिलेल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी होते. सत्तरीच्या माणसास दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. नातू पाळण्यातून शाळेत जाईल आणि आजोबांचा आवाज त्यास दूरध्वनीवरच ओळखावा लागेल. 'कोण पाहतो?' असा सल्ला देणारे शेजारी तिकडेही भेटतात. प्रत्येक निर्गमनाची नोंद होते, हे त्यांना ठाऊक नसते.

दुसरी एक युक्ती सांगितली जाते की, चार दिवस कॅनडात जाऊन यावे म्हणजे नवे सहा महिने मिळतात. अशा फेरीनंतर अधिकारी बहुधा जुनीच मुदत कायम ठेवतो, आणि शंका आल्यास दाराशीच प्रश्नोत्तरे लांबतात. भारतात परत येऊन महिन्याभरातच पुन्हा निघाल्यासही तोच प्रश्न येतो : आपण भेटीस येता की येथेच राहता? आपल्याकडे पाहुण्याने तिसरा दिवस पाहू नये असे म्हणतात. अमेरिकेने तो सहा महिन्यांपर्यंत पाहू दिला आहे, पण गेल्यावर काही काळ आपल्या घरीही राहून यावे, अशी तिची अपेक्षा असते. जितके तिकडे, निदान तितके इकडे, हे धोरण मला सुरक्षित वाटते, जरी असे प्रमाण कायद्यात कोठे लिहिलेले नाही.

रहिवासी होण्याचा मार्ग वेगळा. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक असून तिला एकवीस वर्षे पूर्ण असतील, तर ती आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागू शकते, आणि ह्या वर्गास वार्षिक संख्येची मर्यादा नाही. परंतु ज्याच्याजवळ स्वतःचे ग्रीन कार्डच आहे, नागरिकत्व नाही, त्यास आईवडिलांस बोलाविता येत नाही; आणि एच-१बी नोकरीवर असलेल्यास तर मुळीच नाही. भारतात जन्मलेल्या नोकरदारांची ग्रीन कार्डासाठीची रांग कित्येक वर्षांची आहे, कारण एका देशात जन्मलेल्यांस वर्षाच्या एकूण संख्येच्या सुमारे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. कार्डानंतर नागरिकत्वास सामान्यतः पाच वर्षे लागतात. तेव्हा पलूसच्या आईवडिलांस रहिवासी होण्याचे दार उघडते, तोपर्यंत त्यांची सत्तरी उलटलेली असते. हा कोणाचा दोष नव्हे, पण मुलांनी आईवडिलांस हे स्पष्ट सांगावे. 'पुढच्या वर्षी करू' ह्या आशेवर किती वर्षे जातात, ते मी पाहिले आहे.

बरे, कार्ड मिळाले तरी ते बंधन आहेच. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परतताना प्रश्न होतात. वर्षाहून अधिक राहिल्यास, आधी तेथूनच पुनःप्रवेशाचा परवाना काढलेला नसेल, तर ते कार्ड प्रवेशास चालत नाही. म्हणजे ज्यास गावच्या घरी, बागेत, आपल्या माणसांत दिवस काढावयाचे आहेत, त्याच्या गळ्यात हे कार्ड उलट ओझे होते. दवाखान्याचे म्हणाल तर पासष्टी उलटलेल्या नव्या रहिवाशासही सरकारी मेडिकेअर योजनेत पैसे भरून शिरण्यास पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते. पुढे नागरिकत्व घेतले तर भारताचे सोडावे लागते, कारण आपला देश दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. वडिलार्जित किंवा आधीची शेतजमीन त्यामुळे जात नाही, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. माझ्या मते, ज्यांची सर्व मुले तिकडेच आहेत आणि इकडे पाहणारे कोणी उरले नाही, त्यांनी रहिवासी व्हावे. ज्यांची मुळे येथे घट्ट आहेत त्यांनी सन्मानाने पाहुणेच राहावे.

ह्या दोहोंच्या मधली वाट काही देशांनी काढली आहे, आणि ती मला अधिक शहाणपणाची वाटते. कॅनडाने २०११ साली आईवडील व आजीआजोबांसाठी 'सुपर व्हिसा' सुरू केला. २०२२ सालापासून ह्या व्हिसावर एका भेटीत पाच वर्षांपर्यंत राहता येते, आणि तेथूनच दोन वर्षांपर्यंत वाढ मागता येते. व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा असतो. मुलगा किंवा मुलगी तेथील नागरिक किंवा कायम रहिवासी असावी, तिचे उत्पन्न ठरावीक मर्यादेवर असावे, आईवडिलांची वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि निदान १,००,००० कॅनेडियन डॉलरांचा आजारपणाचा विमा वर्षभराचा असावा, अशा अटी आहेत. येथे विम्याची अट जाचक वाटते, पण खरे पाहता ती कुटुंबाचेच रक्षण करते. साध्या भेटीच्या व्हिसावर मात्र कॅनडातही बहुधा सहाच महिने.

ऑस्ट्रेलियाने २०१९ साली ८७० क्रमांकाचा, मुलांनी पुरस्कृत केलेल्या आईवडिलांचा तात्पुरता व्हिसा आणला. तो तीन किंवा पाच वर्षांचा असतो, सर्व मिळून दहा वर्षांपर्यंत राहता येते, काम करता येत नाही, आणि शुल्क हजारो डॉलरांत जाते. कायमच्या वास्तव्यासाठी निदान निम्मी मुले ऑस्ट्रेलियात असावी लागतात. स्वस्त मार्गाची रांग तर इतकी लांब आहे की ती वृद्धांसाठी आहे असे म्हणणे ही थट्टाच होय. तेथे भेटीच्या व्हिसावर जाणाऱ्याने आपल्या मंजुरीच्या पत्रात ८५०३ हा आकडा आहे काय, ते पाहावे. असल्यास, 'पुढे मुक्काम नाही' असा त्याचा अर्थ. सामान्यतः तेथे बसून मुदत वाढविता येत नाही. न्यूझीलंडनेही २०२५ साली आईवडिलांसाठी पाच वर्षांपर्यंतचा भेटीचा व्हिसा सुरू केला आहे.

ब्रिटनविषयी थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखे थोडेच आहे. दोन, पाच, दहा वर्षांचे व्हिसे मिळतात, पण एका भेटीत सहा महिनेच, आणि ते सहसा वाढत नाहीत. वृद्ध अवलंबितांचा कायमचा मार्ग २०१२ साली इतका अरुंद केला गेला की, रोजच्या देहधर्मास दुसऱ्याची मदत लागते आणि ती मायदेशी पैसे देऊनही मिळत नाही, असे सिद्ध करावे लागते. हातीपायी धड असलेल्या माणसास तो बंदच आहे.

हे सर्व नियम अधूनमधून बदलतात. तेव्हा जाण्याच्या आधी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावरील मजकूर मुलाने स्वतः वाचावा. गावातील दलालाच्या तोंडी माहितीवर विसंबू नये.

मुक्काम लांबणार असेल तर घरच्या बाजूचीही तजवीज हवी. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यास नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, ऐंशी वर्षांवरील व्यक्तीस ऑक्टोबरपासून देता येतो. भविष्यनिर्वाह योजनेच्या निवृत्तिवेतनास तो वर्षात केव्हाही चालतो आणि बारा महिने टिकतो. एप्रिलात जाऊन मार्चपर्यंत राहणाऱ्याचा नोव्हेंबर तिकडेच येतो. २०२१ सालापासून मोबाईलवर चेहरा दाखवून हा दाखला देण्याची सोय झाली आहे. ती न जमल्यास परदेशातील भारतीय वकिलातीत तो मिळतो. विमा घेताना पूर्वीच्या मधुमेहाचा, रक्तदाबाचा, हृदयविकाराचा खर्च त्यात येतो की नाही, हे विचारावे. स्वस्त विम्यात तो बहुधा येत नाही. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. पासपोर्टाची मुदत परतीच्या तारखेपुढे निदान सहा महिने असावी. आणि बँकेस जोडलेला मोबाईलचा क्रमांक येथून निघण्यापूर्वी पुरेसे पैसे भरून चालू ठेवावा. तो बंद पडला तर बँकेचा सांकेतिक आकडा येत नाही, आणि मग शेतसारा, वीजबिल व गड्याची मजुरी ह्यांसाठी तिकडून शेजाऱ्यांची मनधरणी करावी लागते.